बर्फावरचा रंधा

बर्फावर पहिलं पातं टेकतं तेव्हा जो आवाज होतो, तो मी सॅस्कटूनला येण्याच्या पुष्कळ आधी ऐकला होता. सोलापुरात. एप्रिलच्या भर दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं, गल्लीतली कुत्री गटाराकडेच्या ओलीत पोट टेकून पडायची, आणि शाळेच्या भिंतीला लागून गोळेवाल्याची गाडी उभी असायची. तरटात गुंडाळलेली बर्फाची लादी तो बाहेर काढायचा, तिला चिकटलेला लाकडाचा भुसा तांब्याभर पाण्याने धुवायचा, टोच्याने एक तुकडा फोडायचा आणि हाताखाली फडकं धरून तो तुकडा उलट्या बसवलेल्या रंध्यावरून पुढे ढकलायचा. खर्र. मागे ओढायचा, पुन्हा पुढे. खर्र. बाकीची मुलं कालाखट्टा की ऑरेंज यावरून भांडत असायची आणि मी रंध्याकडे कान लावून उभी. अर्धा गारवा त्या आवाजातच असायचा, गोळा ओठाला लागायच्या आधी कानातून उतरणारा.

गोळ्याची चव आता नीटशी आठवत नाही. साखर, रंग, काडीचा लाकडी वास, एवढंच. आवाज तेवढा राहिला.

2009 च्या ऑक्टोबरात आम्ही इथे आलो. नवऱ्याला विद्यापीठात मातीच्या अभ्यासाचं काम मिळालं होतं, मुलगा सहा वर्षांचा होता, आणि मी घरून आणलेल्या दोन सोलापुरी चादरी एकावर एक घेऊन झोपत होते, जणू उणे तीसच्या थंडीला चाटी गल्लीतली चादर दाद देणार होती. डिसेंबर लागला तसं मुलाच्या शाळेतल्या एका आईने सांगितलं, पोराला स्केटिंगला घाला, नाहीतर इथला हिवाळा घरात बसून खायला उठतो. म्हणून एका शनिवारी, उजाडायच्या कितीतरी आधी, मी त्याला घेऊन वस्तीतल्या रिंकवर गेले. आत शिरताच एक वास आला. ओल्या रबरी चटयांचा, सुकत घातलेल्या घामट हातमोज्यांचा, कागदी पेल्यातल्या कॉफीचा, आणि या सगळ्याच्या खाली थंडीचा स्वतःचा एक वास असतो तो. बर्फ गुळगुळीत करणारी ती बोजड गाडी, झांबोनी, शेवटची फेरी मारत होती. तिच्या मागून गरम पाण्याचा पातळ थर पसरत होता, त्यातून वाफ निघत होती, आणि ती पुढे सरकेल तसतसा मागचा बर्फ नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा ओला, काळसर चमकत होता. मग ती कोपऱ्यातल्या दारातून बाहेर गेली. दार लागलं. क्षणभर कुणी काही बोललं नाही. आणि एका दहा-अकरा वर्षांच्या पोराने कठड्यावरून आत उडी टाकली, चार पावलं धावला, आडवा वळून थांबला.

खर्र.

पात्याखालून पांढरा चुरा उडाला. मी तिथे, जाड कोटात, डोळ्यांपर्यंत ओढलेल्या लोकरी टोपीत उभी होते आणि माझ्या जिभेवर कालाखट्टा आला.

त्या आवाजाने मला या खेळात ओढलं. नियम मी नंतर शिकले, आणि खरं सांगायचं तर ऑफसाइड मला आजही दर वेळी कुणीतरी नव्याने समजावून द्यावा लागतो. पण आवाज ओळखायला फार लवकर शिकले. पक काठीला लागतो तेव्हाचा कोरडा टक्, कठड्यावर आदळतो तेव्हाचा धप्प, गोलाच्या लोखंडी खांबाला लागतो तेव्हाचा तो टणत्कार, ज्यावर सगळं घर एकदम हळहळतं. आणि या सगळ्यांच्या तळाशी, तानपुऱ्यासारखी अखंड चाललेली, पात्यांची खर्र.

समोरच्या घरात एक बाई राहायच्या. सत्तरीच्या. नवरा जाऊन काही वर्षं झालेली. मी त्यांना नावानेच हाक मारायचे, इथल्या रीतीप्रमाणे, पण मनात मात्र त्या काकूच होत्या आणि या लेखातही काकूच राहतील. त्यांच्या घरी दर हिवाळ्यात एक उंच, हाडकुळा, लाजरा मुलगा असायचा, आणि दोन-तीन वर्षांनी तो बदलायचा. मला आधी वाटलं नातवंडं असतील. नंतर कळलं की शहरातल्या ब्लेड्स संघातले खेळाडू ते. सोळाव्या-सतराव्या वर्षी घर सोडून, शेकडो किलोमीटरवरून खेळायला आलेली पोरं, आणि त्यांना आपल्या घरात ठेवून घेणारी, खाऊपिऊ घालणारी, शाळेचा अभ्यास झाला का विचारणारी अशी घरं गावोगाव असतात.

हे ऐकून मला अप्पा आठवले. माझ्या वडिलांचं शिक्षण सोलापुरात वार लावून झालं. अक्कलकोट तालुक्यातल्या खेड्यातून आलेला पोरगा, सात वारांना सात घरं. कुठल्या घरी भाकरीबरोबर काय मिळायचं हे अप्पा ऐंशीव्या वर्षीही वारानिशी सांगत. गुरुवारच्या घरातली आजी वाढताना तूप दोनदा घालायची आणि मंगळवारच्या घरात मात्र पान ओसरीवर मांडलेलं असायचं, हेही. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातले आवाज ऐकत मोठं होणं म्हणजे काय, ते मी त्यांच्याकडून ऐकलेलं. म्हणून काकूंच्या घरातला तो पोरगा एका संध्याकाळी आमच्या दारातला बर्फ न सांगता उपसून गेला, तेव्हा मी त्याला आत बोलावून पावाला शेंगांची चटणी लावून दिली. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. अजून एक मागितला.

आमच्या त्या पहिल्याच वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी, 26 डिसेंबरला, काकूंनी आम्हाला टीव्ही बघायला बोलावलं. कुणाकडे टीव्ही बघायला जाणं हे मला 1984 नंतर पहिल्यांदाच घडत होतं. विसाच्या आतल्या मुलांची जागतिक आईस हॉकी स्पर्धा बहुतेक वर्षी त्याच दिवशी सुरू होते आणि 5 जानेवारीच्या आसपास संपते, आणि त्या दहा-अकरा दिवसांत या देशात, असं काकू म्हणाल्या, कुणी कुणाला फोन करायचा असेल तर दोन पाळ्यांच्या मधल्या सुट्टीत करावा. त्या वर्षी तर स्पर्धा आमच्याच गावात होती, सॅस्कटून आणि रिजायनाला मिळून. मोठी माणसं जिंकतात, हरतात, त्याचं लोकांना असतंच, पण या पोरांचं काही वेगळं होतं. काकूंच्या बोलण्यात खेळाडू हा शब्द नसायचाच. पोरं, असंच म्हणायच्या.

आणि मग मधल्या सुट्ट्यांमध्ये, चहा ओतता ओतता, त्या मला जुन्या गोष्टी सांगायच्या, आपल्याकडे आज्या राजाराणीच्या सांगतात तशा.

1977 पासून ही स्पर्धा अधिकृत, आणि सुरुवातीची वर्षं कॅनडाने तिच्याकडे फारसं मनावर घेऊन पाहिलंच नाही. बहुतेक वेळा देशातला एखादा चांगला क्लबच उचलून पाठवून द्यायचा. रशियन पोरं वर्षभर एकत्र सराव करून येत आणि यांना धुऊन काढत. 1981 ला सातव्या क्रमांकावर घसरल्यावर नाक कापलं गेलं, आणि मग देशातल्या पोरांच्या तिन्ही मोठ्या लीगमधून वेचून, शिबिर भरवून, पहिल्यांदा खरा राष्ट्रीय संघ बांधला गेला. 1982 ला, अमेरिकेत, मिनेसोटात, तो पहिल्याच फटक्यात सुवर्ण घेऊन आला. आणि पदक गळ्यात पडल्यावर लक्षात आलं की आयोजकांकडे कॅनडाच्या राष्ट्रगीताची ध्वनिमुद्रिकाच नाही. त्यांना वाटलंच नव्हतं की लागेल. तेव्हा त्या वीस-बावीस पोरांनी निळ्या रेषेवर उभं राहून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, आपलं आपणच गाणं म्हटलं. काकू हे सांगताना थांबायच्या. सुरात नव्हतं म्हणे. असणार कसं.

दुसरी गोष्ट त्या सांगायच्या ती हलक्या आवाजात, घरातल्या वाया गेलेल्या मुलाबद्दल सांगावं तशी. 1987 चा 4 जानेवारी, चेकोस्लोव्हाकियातलं पिएश्त्यानी नावाचं गाव. कॅनडा सोव्हिएत संघाविरुद्ध 4-2 ने पुढे, पदक नक्की, सुवर्णाचीही आशा. एका धक्क्यावरून दोघे भिडले, मग चौघे, मग एक बाक रिकामा झाला, मग दुसरा. पंचांना आवरेना. शेवटी काय करावं हे न सुचून कुणीतरी सभागृहाचे दिवेच घालवले. अंधार केला की पोरं गप्प होतील, अशा आशेने. आपल्याकडेही बायका दिवा मालवून भांडणारी भावंडं झोपवतात. झालं नाही तसं. अंधारातही झटापट चालूच राहिली. दोन्ही संघ स्पर्धेतून बाद झाले, पदक गेलं, सुवर्ण फिनलंडने नेलं. त्या अंधाराचा मी पुष्कळदा विचार केला आहे. दिसत काही नसणार. नुसती पाती, श्वास, आणि दोन भाषांतल्या शिव्या. दुसऱ्याच वर्षी, मॉस्कोत, सोव्हिएत संघाच्या घरात जाऊन कॅनडाने सुवर्ण आणलं, हे काकू लगेच जोडून द्यायच्या. वाया गेलेल्या मुलाचा धाकटा भाऊ चांगला निघाला म्हणून.

पण त्यांची स्वतःची गोष्ट 1991 ची. तेव्हाही स्पर्धा सॅस्कटूनलाच होती, आणि काकू, काका दोघंही शेवटच्या सामन्याला प्रत्यक्ष हजर. समोर सोव्हिएत संघ. 2-2. सगळ्यांची नजर एरिक लिंड्रॉसवर, त्या धिप्पाड सतरा वर्षांच्या पोरावर, ज्याचं नाव तेव्हा देशभर गाजत होतं. आणि गोल केला कुणी? न्यूफाउंडलंडच्या, पार पूर्व टोकाच्या बेटावरून आलेल्या जॉन स्लेनीने. पाच मिनिटं उरलेली. बाहेर जाऊ पाहणारा पक त्याने निळ्या रेषेवर अडवला आणि तिथूनच हाणला. काकांनी काकूंचा हात इतक्या जोरात धरला की अंगठी बोटात रुतली. ती खूण दोन दिवस होती. ही खूण त्या दर वर्षी मला दाखवायच्या, डाव्या हाताचं बोट पुढे करून, जिथे आता काहीच नव्हतं.

आम्हाला सामील करून घ्यायची त्यांची अशी एक पद्धत होती. एकदा म्हणाल्या, 2000 च्या संघाचा कप्तान तुमच्यातलाच होता की, मॅनी मल्होत्रा. त्याचे वडील पंजाबी आणि आपण सोलापूरचे, मधलं अंतर केवढं, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. सॅस्कटूनच्या थंडीत अमृतसर आणि अक्कलकोट शेजारी शेजारीच असतात.

5 जानेवारी 2010. अंतिम सामना, अमेरिकेशी. आमच्या घरापासून सभागृह गाडीने वीस मिनिटांवर, पण तिकिटं कुठली मिळायला. काकूंच्या दिवाणखान्यात आम्ही तिघं, काकू, आणि ब्लेड्सचा तो पोरगा. कॅनडाने त्याआधी सलग पाच वर्षं सुवर्ण जिंकलं होतं, 2005 पासून. याआधीही एकदा, 1993 ते 1997, पाचच. सहावं कधीच नाही. जणू पाचाच्या पुढे कुणी मोजायलाच शिकवलं नव्हतं. शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा कॅनडा 5-3 ने मागे होता आणि काकूंनी विणकाम हातात घेतलं होतं, म्हणजे आशा सोडली होती.

मग जॉर्डन एबरली. रिजायनाच्या संघातून खेळणारा, म्हणजे आमच्या प्रांताचाच. आदल्या वर्षी ओटावाला, उपांत्य सामन्यात, रशियाविरुद्ध साडेपाच सेकंदही उरलेले नसताना बरोबरीचा गोल करणारा तो हाच. त्याने एक गोल केला. विणकाम खाली पडलं. मिनिटभराने दुसरा केला. 5-5. माझा मुलगा सोफ्यावरून उड्या मारत होता, ब्लेड्सचा पोरगा गुडघ्यांवर बसला होता, आणि खिडकीबाहेर गल्लीतल्या घराघरांतून एकच आरोळी त्या गोठलेल्या हवेत उठली, ती मी काचेतून ऐकली. सुया अजून जमिनीवर होत्या आणि जादा वेळेत जॉन कार्लसन नावाच्या अमेरिकन मुलाने पक आत घातला. 6-5. संपलं.

कुणी टीव्ही बंद केला नाही. पडद्यावर कॅनडाची पोरं बर्फावर ओणवी होऊन, काठीवर भार टाकून उभी होती. एबरली स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता आणि त्याच्याकडे पाहून ते कुणाला कळलं नसतं. काकू म्हणाल्या, बघ, हा आता परत येणार नाही. मी विचारलं, म्हणजे? म्हणाल्या, वय संपलं त्याचं. पुढच्या वर्षी नवी पोरं.

हे मला तोवर कळलं नव्हतं. नियम साधा आहे. 31 डिसेंबरला ज्याला वीस पूर्ण झालेली नाहीत तोच खेळू शकतो. कुणाला एक वर्ष मिळतं, कुणाला दोन, फार थोड्यांना तीन. म्हणजे दर वर्षी घामाने, धपाधपांनी, महिनाभराच्या एकत्र राहण्याने जो संघ तयार होतो, तो अकराव्या दिवशी मोडतो आणि त्यातला बराचसा पुन्हा कधीच जुळत नाही. ही पोरं पुढे मोठी होतात, कोट्यवधी कमावतात, दात पाडून घेतात, निवृत्त होतात, टीव्हीवर टाय लावून बोलतात. संघ मात्र तिथेच राहतो. लाल-पांढऱ्या जर्सीतला, छातीवर मेपलचं पान असलेला तो संघ 1982 लाही एकोणीस वर्षांचा होता आणि आजही एकोणीस वर्षांचाच आहे.

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत माझा दादा नंदीध्वज पेलायचा. संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या लग्नाला, सात नंदीध्वज निघतात. आमच्या खिडकीपेक्षा उंच ती काठी, सजवलेली, हलणारी, आणि खाली पांढऱ्या बाराबंदीतला, मान ताठ केलेला एकोणीस वर्षांचा दादा, जो घरात पाण्याचा तांब्याही उचलून ठेवत नसे. पुढे गुडघा दुखावला आणि त्याने सोडलं. पुढच्या संक्रांतीला गेले तेव्हा त्याच जागी, तशाच बाराबंदीत, तशीच मान ताठ केलेला दुसराच कुणी होता. आई म्हणाली, लांबून अगदी आपला दादाच वाटतो नाही? मला फार राग आला होता तिचा.

माझा मुलगा राष्ट्रीय संघाच्या आसपासही कधी नव्हता, हे सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला उगाच आशा लागायची. वस्तीतल्या संघात, तिसऱ्या फळीत, बहुतेक वेळ बाकावर. पण दहा वर्षं मी त्याला पहाटे गाडीत घालून रिंकवर नेलं. आधी गाडीच्या इंजिनाला रात्रभर लावून ठेवलेली विजेची वायर काढायची, मग पुढची काच खरवडायची. तीही खर्रच, पण रुक्ष, तिच्यात गोळा नाही. दोन आठवड्यांनी एकदा स्केट्सना धार लावून आणायची. हे काम मी नवऱ्याला कधी करू दिलं नाही. स्केटच्या पात्याला खालून बारीकशी पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन धारा. फिरत्या दगडावर तो माणूस पातं लांबवर ओढतो, ठिणग्या उडतात, मग तो धारेवरून नख फिरवून पाहतो. आपल्याकडे विळीला टाकी लावणारा दारावर यायचा, तो अंगठा फिरवून पाहायचा. तेवढाच फरक.

काकू 2017 च्या मार्चमध्ये गेल्या. त्यांनी पाहिलेला शेवटचा अंतिम सामना मॉन्ट्रियलचा, पुन्हा अमेरिकेशी, पुन्हा हरलेला, शूटआउटमध्ये. पांघरुणात गुरफटून बसल्या होत्या. बोलायला त्रास होत होता. तरी निघताना म्हणाल्याच, नवी पोरं.

2018 ला बफेलोत नव्या पोरांनी स्वीडनला हरवून सुवर्ण जिंकलं. मी एकटीनेच पाहिलं, आणि समोरच्या अंधाऱ्या घराकडे बघून हात हलवला, वेड्यासारखा. आणि चार वर्षांनी, 2022 च्या उन्हाळ्यात, त्याच संघातल्या काही जणांवर एका तरुणीने केलेले गंभीर आरोप बाहेर आले, आणि ते प्रकरण कॅनडाच्या हॉकी संघटनेने पैसे देऊन मिटवल्याचंही. प्रायोजक निघून गेले. पुढे पाच जणांवर खटला चालला आणि 2025 च्या जुलैत न्यायालयाने पाचही जणांना निर्दोष ठरवलं. कायद्याचं ते झालं. पण इतकी वर्षं मी पोरं, पोरं म्हणत आले होते, आणि त्या शब्दात आपण किती गोष्टी न विचारता पोटात घालतो, हे तेव्हा पहिल्यांदा टोचलं. काकू असत्या तर काय म्हणाल्या असत्या? त्यांनी तर अशा किती पोरांना जेवू घातलं होतं. मला वाटतं त्यांनी विणकाम हातात घेतलं असतं आणि बराच वेळ काही बोलल्या नसत्या. 2022 च्याच ऑगस्टमध्ये एडमंटनला, साथीमुळे लांबलेली स्पर्धा अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांसमोर झाली. मी लावली नाही. मेसन मॅकटॅविशने जादा वेळेत गोलरेषेवरून, अगदी आत पडत असलेला पक काठीने हवेतल्या हवेत बाहेर कसा काढला आणि लगेच केंट जॉन्सनने समोर गोल कसा केला, ते मी पुष्कळ उशिरा पाहिलं, आणि पाहिल्यावर, काय लपवायचं, एकटीच ओरडले.

त्या हिवाळ्यात स्पर्धा हॅलिफॅक्स आणि मॉंक्टनला होती. मुलगा तेव्हा हॅलिफॅक्सला शिकत होता. 2003 चा जन्म त्याचा, म्हणजे नियमाने हे त्याचं शेवटचं वर्ष. खेळत नसला तरी वय त्याचंही संपणारच होतं. त्या वर्षी सगळं बोलणं कॉनर बेडार्डचं. सतरा वर्षांचा पोरगा, रिजायनाच्या क्लबचा, सात सामन्यांत तेवीस गुण. अंतिम सामना 5 जानेवारीला, चेकियाशी. 2-0 ने पुढे असताना शेवटच्या पाळीत मिनिटभराच्या आत दोन गोल खाल्ले, आणि मी नवऱ्याला म्हटलं, आता मी स्वयंपाकघरात जाते, मी पाहिलं की हरतात. ही अंधश्रद्धा मी सोलापूरहून क्रिकेटबरोबर आणलेली. ओट्याशी उभी राहून ऐकत होते. टक्. धप्प. आणि खालून ती खर्र, थकलेली, तुटक, जादा वेळेची. मग एकदम आरडाओरडा. डिलन गंथरने घातला होता, पहिला गोलही त्याचाच. 2003 च्या एप्रिलचा जन्म. आमच्यापेक्षा थोडा मोठा की लहान, हे मी त्याही क्षणी हिशोबाला घेतलं. कॅनडाचं ते विसावं सुवर्ण.

फोन वाजला. मुलगा. आमच्याकडे रात्रीचे आठ वाजून गेलेले, त्याच्याकडे दोन तास पुढे. तो काही बोललाच नाही आधी. नुसते गाड्यांचे हॉर्न, लोकांचं गाणं, कुणीतरी बेसूर. मग म्हणाला, आई, ऐकू येतंय का? थांब, फोन वर धरतो.

मी ऐकत राहिले.

तो आता तिकडेच नोकरीला आहे. त्याचे शेवटचे स्केट्स बेसमेंटमध्ये खिळ्याला टांगलेले असतात. मागच्या महिन्यात, काही कारण नसताना, मी ते काढले आणि धार लावायला नेले. दुकानातल्या पोराने विचारलं, कुणासाठी? मी म्हटलं, असू दे लावून. समोरच्या घरात आता एक मेक्सिकन कुटुंब राहतं. त्यांची धाकटी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिच्या बापाने परसात नळीने पाणी सोडून, थरावर थर, रात्र रात्र जागून छोटंसं रिंक केलं आहे. पहाटे चहा घेताना खिडकी बंद असली तरी ऐकू येतं.

तुम्ही हे वाचाल तेव्हा तिकडे ऊन तापायला लागलं असेल. गोळ्याच्या गाडीशी उभे राहिलात, तर कुठला रंग हवा ते सांगायच्या आधी जरा रंध्याकडे कान द्या.